गाण्याचं माहेर, गाण्याचं सासर



सेलूच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. एकादशीला त्यांच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळात त्यांनी संत जनाबाईंचा एक अभंग म्हटला. शब्द नेहमीचेच, पण चाल मोबाईलवर ऐकून बसवलेली. म्हणून झाल्यावर एक वडीलधाऱ्या बाई टाळ खाली ठेवत म्हणाल्या, ‘‘गोड म्हटलंस गं, पण ही आमची जनाई नव्हे.’’ झालं! बाकीच्या हसल्या, विषय बदलला. पण या भगिनीच्या मनाला ते लागून राहिलं. त्या विचारतात, ‘‘ताई, गाणं नेमकं कोणाचं? लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं, की गाणाऱ्याचं? आणि मी माझ्या पद्धतीनं म्हटलं तर माझं चुकलं का?’’

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून आणखी एक गोष्ट लिहिली आहे. ‘‘आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, शंभरावर ओव्या येतात. पण हल्ली म्हणतच नाहीत. म्हणतात, आमचं जुनं आता कोण ऐकतंय?’’ खरं सांगू? मला घोर लागला तो या शेवटच्या वाक्याचा. पण त्याकडे वळण्याआधी मूळ प्रश्नाचं बघू.

आपण बोलताना काय म्हणतो? ‘‘ते लताबाईंचं गाणं लाव गं,’’ ‘‘आशाबाईंचं ते गाणं किती छान आहे!’’ गाणं ज्याच्या गळ्यातून ऐकलं त्याचं, असा आपला साधा हिशेब. आता एक गंमत करून पाहा. कणीक मळताना, भाजी निवडताना तुम्ही जी गाणी गुणगुणता, त्यांतली पाच आठवा. गायिकेचं नाव लगेच सांगता येईल. चाल कोणाची, हे दोन-तीन गाण्यांचं सांगता येईल. आणि शब्द कोणी लिहिले? तिथं बहुतेकींची गाडी अडेल.

आपल्यातल्या कितीजणींचं नाव लग्नात बदललं! तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि माहेरची हाक माहेरीच राहिली. गाण्याचंही काहीसं तसंच होतं. ते जन्मतं कवीच्या घरी, म्हणजे ते त्याचं माहेर. नांदतं गाणाऱ्याच्या गळ्यात, ते सासर. चांगल्या सासरी मुलगी फुलते आणि त्या घरचीच होऊन जाते. पण म्हणून तिचं माहेर पुसून टाकायचं का? माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथंच आहे.

आपल्याच परभणी जिल्ह्यापासून सुरुवात करू. सेलूहून परभणीला जायचं आणि तिथून परळीच्या गाडीत बसायचं, की गोदाकाठचं गंगाखेड लागतं. जनाबाई तिथल्या. नामदेवांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट करता करता त्या अभंग रचत गेल्या. त्यांच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांत सगळे एकाच जनीचे नसावेत, असंही अभ्यासक म्हणतात. म्हणजे पाहा, पुढच्या काळातल्या कोणीतरी आपले शब्द जनाबाईंच्या नावानं सोडून दिले असतील! आज आपण गाणं दुसऱ्याचं असलं तरी नाव आपलं कसं होईल ते बघतो. तिथं उलट, रचना स्वतःची आणि नाव मात्र जनीचं.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का? अभंगाच्या शेवटच्या चरणात जनीचं नाव येतं. तुम्ही तो अभंग म्हणता तेव्हा ते नाव तुमच्याच तोंडून उमटतं. त्या क्षणापुरती जनी तुम्ही असता. तुमच्या पाठीची कळ, तुमची सकाळची घाई, तुमचा विठोबाशी चाललेला वाद, सगळं त्यात उतरतं. आणि तरीही नाव तिचंच राहतं. गाणं आपलंसं करण्याची ही रीत आपल्या संतांनी सातशे वर्षांपूर्वी घालून दिली आहे.

आता रंगभूमीकडे वळू. 1916 साली ‘संगीत स्वयंवर’ रंगभूमीवर आलं. नाटक आणि पदं काकासाहेब खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व. आज ‘स्वयंवर’ म्हटलं की आधी नाव निघतं ते बालगंधर्वांचंच. असं का व्हावं? चाल त्यांची नव्हती, शब्द त्यांचे नव्हते, इतकंच काय, स्त्रीचा जन्मही त्यांचा नव्हता! पण एकच ओळ ते पुन्हा पुन्हा घेत. एकदा लाडात, एकदा रुसून, एकदा नुसत्या आठवणीत हरवल्यासारखी. ओळ तीच, पण दर वेळी रुक्मिणीच्या मनाचा नवा कप्पा उघडायचा. पुढं कुमार गंधर्वांनी हीच पदं गायला घेतली, तेव्हा त्या कार्यक्रमाला त्यांनी नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘उमजलेले’ हा शब्द मला फार आवडतो. बालगंधर्वांची नक्कल करायची त्यांनी टाळली आणि त्यांच्या गाण्यावर मालकीही सांगितली नाही. मला जेवढे उमगले तेवढे मांडतो, इतकंच ते म्हणाले.

‘गीतरामायणा’ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्यातलं पहिलं गीत प्रसारित झालं. मग आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर मिळून 56 गीतं झाली. त्या वेळी आपला परभणी जिल्हा अजून हैदराबाद राज्यात होता! शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पण आकाशवाणीवर ही सगळी गीतं फडके एकटे गायले नव्हते. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे कितीतरी आवाज त्यात होते. ज्या पात्राचं गीत त्याला साजेसा गळा, अशी योजना होती. पुढं बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, गावोगावी कार्यक्रम केले आणि त्यांत सगळी गीतं स्वतःच म्हटली. सीतेचा शोक त्यांनी गायिला, भरताचा संतापही गायिला. आज आपल्या कानात त्यांचाच आवाज बसला आहे. पण सभागृहातून बाहेर पडताना लोकांच्या तोंडी ‘गदिमा आणि बाबूजी’ अशी जोडीच असायची. याचं श्रेय बाबूजींच्या गाण्यालाही द्यायला हवं. त्यांच्या तोंडून शब्दाचं एक अक्षरही पुसट झालं नाही. शब्द ऐकू आला म्हणजे कवी आपोआप आठवतो.

यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाचं पुस्तकच लिहिलं आहे. सूर कितीही गोड लागला, पण कवीला काय म्हणायचं आहे तेच पोचलं नाही, तर भावगीत गाऊन उपयोग काय? गाण्याची आवड असेल तर हे पुस्तक वाचनालयातून जरूर मिळवा.

गाणं आपलं करायला आपण त्याच गावचे, त्याच भाषेचे, त्याच जातीचे असावं लागतं का? मुळीच नाही. भीमसेन जोशींचा जन्म 1922 सालचा, गदगचा, आणि त्यांची मातृभाषा कानडी. पण राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी चाली बांधलेले अभंग त्यांनी ‘अभंगवाणी’त असे काही म्हटले, की घरोघरी आषाढी एकादशी त्यांच्या आवाजानं उजाडू लागली. सोयराबाईंचं तर पाहा. चोखोबांच्या या पत्नीला देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. त्यांचा अभंग किशोरीताई आमोणकरांनी गायिला आणि मोठमोठ्या सभागृहांत मंडळी डोळे मिटून तो ऐकत राहिली. किशोरीताईंनी तो आपलासा केला हे खरंच. पण ज्या बाईला दाराबाहेर उभं केलं होतं तिचे शब्द त्यांनी मानानं आत नेले, हे मला त्याहून मोठं वाटतं. गाणाऱ्यानं लिहिणाऱ्यासाठी यापरतं काय करायचं?

आता बहिणाबाई चौधरींची गोष्ट. जळगावजवळच्या आसोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढं त्या गाणी रचून म्हणत. मुलानं, कवी सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली म्हणून वाचली. 1951 साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर आचार्य अत्र्यांनी ती वही पाहिली, आणि 1952 साली पुस्तक निघालं. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यांच्या गाण्यांना चाली दिल्या. पुढं यशवंत देवांच्या चालीत उत्तरा केळकरांनी ती म्हटली आणि महाराष्ट्रभर पोचवली. हे सगळं छानच झालं. पण विचार करा, बहिणाबाई स्वतः ती गाणी म्हणत तेव्हा कोणत्या चालीत म्हणत असतील? कुठं थांबत असतील, कुठला शब्द लांबवत असतील? पुस्तकात शब्द उतरले, पण गळा कागदावर उतरत नाही. वहीमुळं शब्द वाचले आणि गायिकांमुळं ते लोकांपर्यंत गेले, तरी पहिला आवाज मात्र हरवला.

गाणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं की त्याचा अर्थही कसा पालटतो, याचं एक अमेरिकेतलं उदाहरण सांगते. तिथल्या ओटिस रेडिंग नावाच्या गायकानं 1965 साली ‘रिस्पेक्ट’ नावाचं गाणं लिहून गायिलं. गाणं पुरुषाचं. कमावून घरी आलो की मला मान दे, असं बायकोला सांगणारं. दोन वर्षांनी, 1967 साली, अरीथा फ्रँकलिन या कृष्णवर्णीय गायिकेनं ते घेतलं. थोडे शब्द इकडचे तिकडे केले, मागं आपल्या बहिणींना साथीला उभं केलं, आणि तेच मागणं बाईच्या तोंडून केलं. मान मला दे! बघता बघता ते बायकांच्या आणि काळ्या माणसांच्या हक्काचं गाणं झालं. नवऱ्याच्या तोंडचं वाक्य बायकोच्या तोंडी गेलं की केवढा फरक पडतो, हे तुम्हांला मी वेगळं सांगायला नको!

मग कवीचं काय? कवीचं पोट नुसत्या मानानं भरत नाही. आपल्याकडे कवीच्या शब्दांवर त्याच्या हयातीत त्याचा, आणि त्याच्या मागं 60 वर्षं वारसांचा हक्क असतो. पूर्वी चित्रपटाच्या करारावर एकदा सही केली, की कवीचे आणि संगीतकाराचे हात कापले गेल्यासारखंच होई. गाणं वर्षानुवर्षं वाजलं तरी त्यांच्या पदरात काही पडत नसे. 2012 साली कायदा सुधारला. आता त्यांच्या मानधनातला हा वाटा असा सही करून काढून घेता येत नाही. गाणाऱ्यांनाही त्यांचा हक्क मिळाला. घाबरू नका, देवळातल्या भजनाला किंवा घरातल्या गाण्याला यातलं काही आड येत नाही. आणि संतांचे शब्द तर सगळ्यांचेच आहेत. तुम्ही-आम्ही द्यायचं ते एवढंच, की गाण्याआधी कवीचं नाव घ्यायचं. त्याला ना पैसा लागतो, ना वेळ.

आता वळू या त्या आत्याबाईंच्या ओव्यांकडे.

जात्यावरची ओवी कोणाची, असं कधी कोणी विचारलं नाही. एकीनं रचली, दुसरीनं उचलली, तिसरीनं त्यात आपल्या भावाचं नाव घातलं, चौथीनं पंढरपूरच्या वाटेवरचं आपलं गाव घातलं. तिनं सेलूचं नाव घातलं की ओवी सेलूची झाली. भाऊ बदलला, गाव बदललं, ठेका तोच राहिला. दुसऱ्याचं गाणं आपलं कसं करावं, ही कला आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याही गायनमास्तरांनी शिकवली नव्हती. ती त्यांच्या अंगातच होती.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हे मोल ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कित्येक ओव्या बायकांच्या आवाजातच ध्वनिमुद्रित केल्या. परभणी जिल्ह्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यांत आहेत. आणि मला त्यांची सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे, ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव त्यांनी टिपून ठेवलं. जिचं नाव शिधापत्रिकेपलीकडे कुठं आलं नसेल, तिचं नाव तिच्या गाण्यापुढं लागलं!

आता सेलूच्या भगिनीला उत्तर. बाई, तुमचं चुकलं नाही. जनाबाईंचा अभंग निराळ्या चालीत म्हटला म्हणून बाटत नाही. पण त्या टाळ खाली ठेवणाऱ्या बाईंचंही चुकलं नाही. तुम्ही म्हटलेली चाल एका संगीतकारानं बांधलेली, एका मोठ्या गायिकेनं आपल्या गळ्यानं सजवलेली. ती तुम्ही जशीच्या तशी उचललीत. म्हणजे अभंग ना मंडळाचा राहिला, ना तुमचा झाला. त्या बाईंना जे खटकलं ते हेच असावं. त्यांना वीस-तीस वर्षं म्हटलेली आपली चाल ऐकू आली नाही, आणि तुम्हीही ऐकू आला नाहीत. ऐकू आला तो फक्त मोबाईल.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते. सगळ्याच मैत्रिणींना उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे, गाणं शिकण्याआधी शब्द आपल्या हातानं वहीत लिहून काढा. वर कवीचं नाव, असल्यास संगीतकाराचं नाव, आणि आपण ते कोणाकडून शिकलो त्या बाईचंही नाव. अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारून घ्या. अर्थ कळला नाही तर आपण भलत्याच जागी श्वास तोडतो आणि कवीचं वाक्य मोडतो.

दुसरं, दोन-चार दिवस ते चालीशिवाय नुसतं बोलून पाहा. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना म्हणा. कुठला शब्द आपल्याला आपोआप जड जातो, कुठं गळा दाटतो, ते कळेल. ती तुमची जागा. दुसऱ्या कोणा गायिकेच्या जागा घेऊ नका.

तिसरं, पट्टी आपली धरा. पेटीवर कोणी काळी चार धरली म्हणून आपणही ताणून तिथं जायचं, असं नाही. वयाबरोबर आवाज खाली येतो. चारचौघींत म्हणायचं तर सगळ्यांना झेपेल अशी पट्टी घ्यावी.

चौथं, आधी घरची चाल शिका, मग नवी. मंडळात महिन्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी फक्त जुन्या बायकांनी शिकवायचं आणि नव्यांनी मागून म्हणायचं. पुढच्या वेळी नवीनं आपली चाल म्हणायची, जुन्यांनी टाळ धरायचा. मान दोघींचा राहील.

आणि पाचवं, हे मात्र उद्यावर टाकू नका. तुमच्या हातात मोबाईल आहे ना? ज्याच्यावरून तुम्ही ती चाल घेतलीत, तोच. दुपारची जेवणं झाली, की सासूबाईंजवळ जाऊन बसा. पंखा बंद करा, त्याचा आवाज फार येतो. ‘‘आत्याबाई, तुमच्या आईनं शिकवलेली एक ओवी म्हणा ना,’’ एवढंच म्हणा. पहिल्या दिवशी त्या ‘‘आता कुठं आठवतंय’’ म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. एक आठवली की तिच्यामागून दहा येतात. मध्येच बोलू नका, दुरुस्त करू नका. शेवटी त्यांना त्यांचं नाव, माहेरचं गाव आणि त्या दिवसाची तारीख त्यांच्याच तोंडून सांगायला लावा.

‘‘आमचं जुनं कोण ऐकतंय’’ असं घरोघरच्या वयस्कर बाया म्हणत असतात. हे म्हणणं रागाचं नसतं, कोणीतरी ऐकावं म्हणून असतं. सूनबाई ऐकायला बसली की सासूच्या गळ्यातलं गाणं सुनेच्या गळ्यात येतं, आणि मग ते आपलं झालं का, हा प्रश्नच उरत नाही. तुमच्या घरी अशी कोणी असेल, सासू, आजेसासू, माहेरची आई किंवा शेजारची काकू, तर या आठवड्यात तिच्याकडून एक तरी ओवी टिपून घ्या. वहीत तिचं नाव लिहायला विसरू नका.